चढता आकडा

शर्वरी निकुंभला थांबता यायचं, आणि या गोष्टीचा तिला फार अभिमान होता. नाशिकजवळच्या एका द्राक्षनिर्यात केंद्रात ती माल तपासायची. बागेतला मणी चिरडायचा, रसाचा थेंब यंत्राच्या काचेवर टाकायचा, गोडीचा आकडा वाचायचा आणि तोडायचं की थांबायचं ते सांगायचं, हे तिचं काम. बागायतदार मणी तोंडात टाकून "मॅडम, साखर भरलीय, लावा आता कात्री" असं कितीही काकुळतीला येऊन म्हणाला, तरी आकडा आल्याशिवाय ती घडाला हात लावू द्यायची नाही. माणसाच्या जिभेवर तिचा विश्वास नव्हता.

घर घेतानाही तिनं हाच हट्ट धरला.

तसा तो काळच माणसाला हट्टी करणारा होता. घरांच्या भावांनी नाशिककरांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. मुंबईहून तासाभरात आणणारी गाडी येणार म्हटलं की भाव चढायचे, ती लांबणीवर पडली की कोसळायचे. कंपन्या गाजावाजा करत यायच्या आणि वर्षभरात निम्मी कामं यंत्रांवर सोपवून गाशा गुंडाळायच्या. शर्वरीच्या शेजाऱ्यांनी पाडव्याच्या मुहूर्तावर घेतलेला फ्लॅट दसऱ्यापर्यंत पाऊण किमतीला आला. तिच्या नणंदेनं भाव उतरायची वाट पाहिली, तर ते असे चढले की बिचारीनं घराचं नावच टाकलं. घेतलेले पस्तावत होते, न घेतलेलेही पस्तावत होते, आणि लग्नाच्या पंगतीत दुसरा विषय नव्हता.

शर्वरी, तिचा नवरा प्रसन्न आणि आठ वर्षांची रेवा भाड्याच्या घरात राहत होते. प्रसन्न विजेच्या बसगाड्यांच्या डेपोत सुपरवायझर होता. माणूस साधा, हसतमुख; फक्त एका बाबतीत अडेलतट्टू. शर्वरीची आई, शैलजाताई दाणी, इंदिरानगरमधल्या आपल्या रो हाउसमध्ये एकट्या राहायच्या. नवऱ्यामागे तीन खोल्यांत त्यांचा जीव रमायचा नाही. "इथंच या की राहायला," असं त्या एकदा म्हणाल्या, तेव्हा प्रसन्न जेवता जेवता थांबला.

"आई, तुमच्याकडे जेवायला रोज येईन," तो म्हणाला होता. "पण घरजावई म्हणून गल्लीनं मला ओळखायला नको. घर घेईन तर माझ्या पैशानं घेईन."

विषय तिथंच मिटला. शैलजाताईंनी त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली आणि पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

आणि मग 'चाहूल' आलं.

चाहूलचं शास्त्र ऐकायला सोपं होतं. एव्हाना घरोघरी नवी मीटरं बसली होती. जुनं मीटर महिन्याला एक आकडा द्यायचं. नवं मीटर क्षणाक्षणाचा चढउतार टिपायचं. फ्रिजची मोटर सुरू होताना विजेला जो हिसका बसतो तो मिक्सरच्या हिसक्यासारखा नसतो, आणि मिक्सरचा गीझरसारखा नसतो. प्रत्येक उपकरणाची चाल वेगळी. त्या चालीवरून यंत्राला कळायचं, की या घरात आता पंखा लागला, आता शेगडी, आता दिवा. पाण्याच्या मीटरचंही तसंच. नाव-गाव काढून टाकलेल्या लाखो घरांच्या अशा नोंदी चाहूलला मिळाल्या होत्या, आणि त्यांतली कोणती घरं पुढे विक्रीला निघाली तेही त्याला ठाऊक होतं.

दोन्ही ताडून पाहिल्यावर यंत्राला असं काही सापडलं, की दलालांनी तोंडात बोटं घातली. घर विक्रीला निघण्याच्या किती तरी महिने आधी मंदावतं. एक खोली बंद होते. फ्रिजचं दार कमी वेळा उघडतं. शेगडी दोनाऐवजी एकदाच पेटते. संध्याकाळचा दिवा उशिरा लागायला लागतो. कुणी परगावी निघालेलं असतं, कुणाचा संसार मोडत असतो, कुणी म्हातारं होत होत संपत असतं. कारणाशी यंत्राला कर्तव्य नव्हतं. घर किती मंदावलंय ते मोजून ते विक्रीला येण्याची शक्यता टक्क्यांत सांगायचं, एवढंच. अशी घरं घाईत विकली जातात, त्यामुळे स्वस्त मिळतात. आकडा पंच्याण्णववर गेला की गिऱ्हाइकांना पत्ता कळवायला परवानगी होती. तोवर पत्ता यंत्राच्या पोटात.

शर्वरीला हे इतकं पटलं, की जणू तिच्यासाठीच कुणी ते बनवलं होतं.

"कसं घर हवं, ते तुमच्या शब्दांत सांगा," असं फोनमधून विचारलं गेलं, तेव्हा ती आईच्या ओट्याला टेकून उभी होती. दिवाळी नुकतीच झाली होती. शैलजाताई थालीपीठ लावत होत्या.

"जमिनीलगतचं हवं, जिने नकोत," शर्वरी विचार करत करत सांगू लागली. "दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. दाराशी पूर्वेकडे तोंड केलेली पायरी, म्हणजे सकाळचं ऊन अंगावर घेत चहा पिता येतो. जास्वंद लावण्यापुरती माती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रस्ता दिसायला हवा, पोरगी शाळेतून येताना लांबूनच दिसते. आणि इंदिरानगरमध्येच हवं."

शैलजाताईंचं थालीपीठ तव्यावर जरा जास्तच लागलं.

त्यांनी ते उलथलं, गॅसऐवजी आता विजेवर चालणाऱ्या त्या शेगडीकडे एकदा पाहिलं, आणि विचारलं, "शरू, हे तुझं यंत्र ओळखतं कसं गं?"

शर्वरीनं मोठ्या उत्साहानं सगळं समजावलं. शैलजाताईंनी पस्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली होती. तारेवरून घराची हालहवाल कळते, याचं त्यांना मुळीच नवल वाटलं नाही. त्यांचे प्रश्न भलतेच होते.

"म्हणजे घरातला वावर कमी झाला की आकडा वाढतो?"

"हो."

"आणि पाहुणेरावळे आले तर?"

"तर उतरतो."

"आणि असं घर निघालं, तर प्रसन्नराव घेतील? आढेवेढे नाही घेणार?"

"स्वतःच्या पैशानं घेतलेल्या घराला तो का नाही म्हणेल?"

शैलजाताईंनी थालीपिठावर लोण्याचा गोळा ठेवला. "मग मिळू दे बाई तुम्हाला. देवापुढे साखर ठेवते."

पहिला आकडा आला एकतीस. मग काही दिवसांनी अडतीस. एवढ्या झपाट्यानं चढणारं घर साऱ्या भागात एकच होतं, आणि ते शर्वरीनं सांगितलेल्या वर्णनाशी अगदी तंतोतंत जुळत होतं. यंत्रानं सल्ला दिला, थांबा.

प्रसन्नला थांबायचं नव्हतं. पाथर्डी फाट्याला त्याला एक फ्लॅट आवडला होता. सहाव्या मजल्यावरचा, हवेशीर.

"अगं, घर काय द्राक्षाचा घड आहे का, गोडी भरायची वाट बघत बसायला?" तो वैतागून म्हणाला.

"घडासाठी थांबते, मग घरासाठी नको थांबायला?" शर्वरी म्हणाली, आणि तो फ्लॅट हातचा गेला. प्रसन्न चार दिवस धड बोलला नाही.

आकडा मात्र चढत राहिला. पन्नास झाला तेव्हा तिनं आईला फोन केला. छप्पन्नला केला. एकसष्टला तर आईचाच फोन आला.

"आज किती झाला गं?"

"एकसष्ट!"

"एवढाच?" शैलजाताई म्हणाल्या. "बरं, बघू. साखर ठेवते."

"घराची घाई आपल्यापेक्षा तुझ्या आईलाच जास्त," प्रसन्न हसून म्हणाला. त्याचाही राग आता निवळला होता. आकडा चढतोय म्हटल्यावर त्यालाही चटक लागली होती. सकाळी दात घासता घासता तो फोनमध्ये डोकवायचा. सत्तरी ओलांडली त्या दिवशी त्यानं पेढे आणले आणि रेवानं भिंतीवर रंगीत खडूनं घर काढलं.

एकदाच त्यानं विचारलं होतं. "त्या घरात कोण राहत असेल गं?"

"असेल कुणी म्हातारं माणूस," शर्वरी डब्यात पोळी भरत म्हणाली. "एकेक दिवा मालवत चाललंय. मुलं लक्ष देत नसणार."

"वाईट वाटतं ऐकून."

"आपण कुणाचं वाईट चिंतत नाही आहोत, प्रसन्न. त्यांच्या मुलांना काळजी नाही, त्याला आपण काय करणार?"

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला आणि शर्वरीला श्वास घ्यायला फुरसत उरली नाही. आईकडे जाणं मागे पडलं. खरं सांगायचं तर आईनंच ते मागे पाडलं. "या रविवारी नका येऊ, मी भजनाला जाणार आहे." "आता नका येऊ, रंगारी येणार आहे." संक्रांतीला दरवर्षी येणारा तिळगुळाचा डबा आला नाही. फोनवर चेहरा दाखव म्हटलं, तर "कॅमेरा बिघडलाय मेला" असं उत्तर. जेवलीस का विचारलं की "पिठलं-भात केला होता, पोटभर जेवले" हे ठरलेलं. आणि एप्रिलमध्ये रेवाची परीक्षा संपत आली तेव्हा शैलजाताई म्हणाल्या, "यंदा सुट्टीत तिला नका पाठवू. मला आता पोरांची कटकट झेपत नाही."

शर्वरीला हे लागलं. रेवाला कुशीत घेतल्याशिवाय जिला झोप यायची नाही, ती आई असं बोलते?

"आईला आपला कंटाळा आलाय," ती रात्री प्रसन्नला म्हणाली. "ठीक आहे. आपणही आपला मान राखू."

आणि तिनं खरंच मान राखला. तशीही हंगाम सुरू झाल्यापासून ती इंदिरानगरला फिरकली नव्हती.

फोन वाजला तेव्हा ती केंद्राच्या शीतगृहात होती. बाहेर ऊन नुसतं भाजून काढत होतं, आत ती स्वेटर घालून पेट्या तपासत होती. हंगामातली शेवटची गाडी भरायची होती. फोनवर चाहूलची हिरवी खूण उमटली. शहाण्णव. तिनं पेन तोंडात धरलं आणि घाईघाईनं बोट टेकवलं.

*अभिनंदन. आपल्या पसंतीचं घर लवकरच विक्रीला येण्याची शक्यता आहे. पत्ता खाली दिला आहे.*

पत्ता तिनं वाचला. मग पुन्हा वाचला. रो हाउस क्रमांक, गल्ली, कोपऱ्यावरची पिठाची गिरणी. लहानपणी शाळेच्या प्रत्येक वहीवर तिनं हाच पत्ता लिहिला होता. तरीही यंत्र चुकलंय असंच तिला आधी वाटलं. मग यंत्र काय मोजतं ते तिला आठवलं, आणि हातातली पेटी सुटली. मणी फरशीवर चौफेर घरंगळले.

कुणी म्हातारं होत होत संपत असतं.

एकतीस, अडतीस, छप्पन्न. सत्तरीला पेढे. तिनं आईला लावलेला फोन नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. ती स्वेटरसकट उन्हात धावली. गाडी चालवताना तिनं प्रसन्नला फोन केला, पण तोंडातून धड वाक्य फुटेना. "आई," एवढंच ती म्हणत होती, "अरे, ती आईच आहे. ते आपल्या आईचं घर आहे."

इंदिरानगरला पोचेपर्यंत दिवेलागणीची वेळ झाली. गल्लीतल्या घरांतून उजेड दिसत होता, कुठे उदबत्तीचा वास होता. आईच्या फाटकाशी एक तरुण जोडपं उभं होतं. नीटनेटकी, भल्या घरची वाटावीत अशी माणसं. बाईच्या हातात मिठाईचा पुडा होता आणि पुरुष फोनमधला पत्ता दारावरच्या क्रमांकाशी ताडून पाहत होता.

"अंधार आहे. कुणी राहत नाही बहुतेक," तो हळूच बायकोला म्हणाला.

"पण जास्वंद बघ ना किती छान आहे," ती म्हणाली. मग शर्वरीकडे वळून तिनं अदबीनं विचारलं, "ताई, तुम्हीही चाहूलवरून आलात?"

शर्वरीला ओरडायचं होतं. पण त्या बाईच्या डोळ्यांतली आशा तिच्या अगदी ओळखीची होती. सहा महिने आरशात तीच तर दिसत होती.

"इथं माझी आई राहते," ती कशीबशी म्हणाली. "जा तुम्ही. कृपा करून जा."

दार नुसतं लोटलेलं होतं. आत काळोख. दिवेलागणीला दिवा लावायला क्षणभर उशीर झाला, तर लहानपणी याच घरात केवढा ओरडा बसायचा! लक्ष्मी यायच्या वेळी घर अंधारात ठेवायचं नाही, म्हणून पाटीवरचा अभ्यास टाकून बटणाकडे पळावं लागायचं. त्या घरात आता हाताला हात दिसत नव्हता. हवा कोंडलेली, तापलेली. पंखा बंद.

"आई!"

"शरू? तू कशाला आलीस?" आवाज देवघराजवळून आला. क्षीण होता, पण वैतागलेलाही होता.

शर्वरीनं फोनचा उजेड धरला. शैलजाताई भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. गालफडं बसलेली, ओठ सुकलेले. शर्वरीनं त्यांचा हात धरला तशी मनगटातली पाटली सरळ कोपरापर्यंत घसरली.

"काय झालंय तुला? काय होतंय? डॉक्टरांना दाखवलंस? मला का नाही सांगितलंस?"

"काही झालेलं नाही. दुपारी जरा भोवळ आली, म्हणून टेकले."

शर्वरी उठली आणि स्वयंपाकघरात गेली. फ्रिजचं दार उघडलं तर आतला दिवा लागला नाही. वायर काढून गुंडाळून ठेवलेली होती. शेगडीवर वर्तमानपत्र अंथरलं होतं. ओट्यावर पातेलीत भिजवलेले पोहे, झाकण ठेवलेले. बाकी काही नाही. आतल्या खोलीच्या दाराला कडी.

ती दारातच उभी राहिली. आईला कुठला आजार जडला असेल असा विचार करत ती इथवर आली होती. आता दिसत होतं ते आजारापेक्षाही भयंकर होतं, आणि तिला ते मनात उच्चारायचीही भीती वाटली.

"आई, हे तू मुद्दाम केलंस?"

शैलजाताई एखादी चोरी पकडली गेलेल्या लहान पोरीसारखं थोडंसं हसल्या.

"त्या दिवशी ओट्याशी उभी राहून तू घर सांगत होतीस," त्या म्हणाल्या. "पायरी म्हणालीस, जास्वंद म्हणालीस, खिडकी म्हणालीस. तुला कळलं नाही, मला कळलं. पोरीला हवंय ते आपलंच घर. आणि प्रसन्नराव दिलेलं घेणार नाहीत. म्हटलं, यंत्रानंच काढून दिलं आणि त्यांनी पैसे मोजून घेतलं, तर त्यांचाही मान राहील. मी जाईन सिन्नरला मावशीकडे, नाहीतर राहीन इथंच एका कोपऱ्यात. यंत्राला घर मंदावलेलंच लागतं ना? मग मंदावलं. आधी आतली खोली बंद केली. मग गीझर. पण आकडा एकसष्टला अडकला मेला, हलेचना. मग फ्रिज काढला, शेगडी काढली. पंखा काढल्यावर बघ कसा भराभर चढला."

"पंखा? एप्रिलच्या उन्हात? अगं, तू मेली असतीस!"

"एवढ्यानं कुणी मरतं होय? नाटकच करायचं होतं. तुम्ही आला असता तर उतरला असता आकडा, म्हणून रेवालाही नको म्हटलं." इतका वेळ खंबीर असलेला त्यांचा आवाज इथं फुटला. "फार आठवण येते गं तिची."

शर्वरी आईच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. पन्नास झाले म्हणून तिनं फोन केला होता, त्या दिवशी आईनं काय सोडलं होतं? सत्तरचे पेढे रेवा खात होती तेव्हा आईनं काय खाल्लं होतं? प्रत्येक वाढलेल्या आकड्याला ती टाळ्या पिटत होती, आणि इथं तिची आई एकेक दिवा मालवत होती. 'मुलं लक्ष देत नसणार.' बोललं होतं कोण? तीच.

प्रसन्न कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंना बरोबर घेऊनच आला. दिवा लावायचं कुणालाच सुचलं नव्हतं; त्यांनी मोबाइलच्या उजेडातच नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "लगेच सलाइन लावायला हवं. मी दवाखान्यात फोन करते. अजून थोडे दिवस गेले असते तर..." त्या अंगणात फोन करायला गेल्या आणि शर्वरीनं नवऱ्याला सगळं सांगितलं.

प्रसन्न ऐकत राहिला. 'त्यांचाही मान राहील' हे शब्द ऐकल्यावर त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो सासूबाईंसमोर गुडघ्यांवर बसला, त्यांच्या पायांवर हात ठेवला. मग तो एकदम उठला. त्यानं देवघरातलं बटण दाबलं. बाहेरच्या खोलीतलं दाबलं. आतल्या खोलीची कडी काढली, तिथला दिवा लावला, पंखा लावला. शर्वरीही उठली. तिनं फ्रिजची वायर लावली, शेगडीवरचं वर्तमानपत्र फेकून देऊन तिच्यावर पाण्याचं पातेलं चढवलं, गीझर लावला, नळ सोडला. दोघंही वेड लागल्यासारखी बटणं शोधत घरभर फिरत होती. उजेड पायरीवर पडला, जास्वंदीवर पडला, पार फाटकाबाहेर रस्त्यावर पडला. बंद पडलेल्या घराला कंठ फुटला होता.

देवघराच्या उजेडात देवापुढची वाटी दिसली. तिच्यात साखर होती, आणि साखरेला मुंग्या लागल्या होत्या.

शैलजाताईंनी डोळ्यांवर हाताची झापड धरली. उजेडाची त्यांना सवय उरली नव्हती. त्या भिंतीच्या आधारानं उठू पाहत होत्या, पण पायांत त्राण नव्हतं. शर्वरीनं त्यांना धरलं, तर त्यांनी तिचाच हात बटणाच्या दिशेनं ढकलला.

"अगं, मालव ते दिवे," त्या कळवळून म्हणाल्या. "एवढा वर नेलाय मी तो, शरू. खाली येईल."